जावईबापूंचं नाक

ते माळकरी होते आणि वाइन बनवायचे. हे ऐकलं की माणूस आधी त्यांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघायचा, मग टाकीकडे बघायचा, आणि मग विचारायचाच, "म्हणजे तुम्ही स्वतः घेत नाही?"

"नाही."

"कधीच नाही?"

"पोलीस चोरी करतो का?" ते म्हणायचे. मग जरा थांबून, "उदाहरण चुकलं. पण तुम्हाला कळलं."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. तसंही त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळं गाव त्यांना जावईबापू म्हणायचं, कारण गाव त्यांच्या बायकोचं होतं. खराडीच्या पुढं, नदीच्या अंगाला. आता ते पुण्यातच आलं आहे आणि तिथं कुणी त्याला गाव म्हणत नाही. पण एका घरचा जावई तो साऱ्या गावाचा जावई, मग त्याचे केस पिकले तरी. दूधवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, शाळेत जाणारी पोरं, सगळे जावईबापूच म्हणायचे. आमच्या वाशीमकडे जवाई म्हणतात. पहिले काही दिवस मला वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसाला हे काय म्हणतात. मग मीही म्हणायला लागले.

मूळचे ते कसबा पेठेतले. तिथं त्यांचं अत्तराचं आणि उदबत्तीचं दुकान होतं, आजोबांच्या वेळेपासूनचं. लहानपणी त्यांचे वडील त्यांचे डोळे बांधून कुपी नाकाखाली धरायचे आणि ओळखलं नाही तर जेवायला बसू द्यायचे नाहीत. "म्हणून मी सगळी अत्तरं ओळखतो," ते सांगायचे. "भुकेचा वासही ओळखतो." पुढं फवारायच्या बाटल्या आल्या, मोठमोठी दुकानं झाली, आणि अत्तराचा फाया कानात घालणारी माणसं एकेक करून गेली. त्यांनी दुकान बंद केलं. त्याच सुमाराला काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, वाट्याला माहेरची द्राक्षबाग आली. मग दोघं इकडंच राहायला आले.

गावात तेव्हा जमिनी विकायची घाई चालली होती. बागेच्या बांधावर उभं राहिलं की पलीकडं काचेच्या इमारती दिसायच्या. काही शेतकऱ्यांना बाग मोडायची नव्हती. त्यांनी मिळून एक छोटी सोसायटी काढली. एक पत्र्याची शेड, थोड्या टाक्या, आणि सगळ्यांची द्राक्षं एकत्र करून त्यांची वाइन. ते काम कुणालाच येत नव्हतं. जावईबापूंनाही येत नव्हतं. ते म्हणाले, शिकतो, पण माझी एक अट आहे. बागेत औषध मारायचं नाही, आणि टाकीत पूड घालायची नाही.

पूड म्हणजे गंधकाची असते. ती घातली की वाइन खराब होत नाही. सगळेच घालतात. आणि रस आंबवायला जे खमीर विकत मिळतं तेही त्यांना नको होतं. द्राक्षाच्या सालीवर जे येतं त्यानंच जो काय आंबेल तो आंबेल. वेलींवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आली तर ताक फवारायचं. कडुनिंब, करंज असा दहा झाडांचा पाला कुजवून त्याचं पाणी फवारायचं. ओळींमधलं गवत उपटायचं नाही.

"द्राक्ष बाजारात मांडायचं असेल तर नटवा," ते म्हणायचे. "टाकीत घालायचं असेल तर त्याला घरच्या कपड्यांत येऊ द्या."

मी तिथं द्राक्षं निवडायला लागले. आमचे हे खराडीला एका कंपनीच्या गेटवर होते आणि आम्ही विश्रांतवाडीला राहायचो. आमच्याच चाळीतल्या एका बाईनं मला तिथं नेलं. लांब टेबलावर द्राक्षं पसरायची, सडके मणी, पानं, काड्या काढायच्या. काम मला आवडायचं, कारण बोलावं लागत नव्हतं.

शेडमध्ये येताना गजरा चालत नसे. वासाचं तेल चालत नसे. स्वतः उदबत्त्या विकलेला माणूस, पण शेडमध्ये देवाच्या फोटोपुढं उदबत्ती लावू द्यायचे नाहीत. दसऱ्याला टाक्यांची पूजा व्हायची ती नुसत्या फुलांनी, आणि फुलंही झेंडूची नाहीत, झेंडूला वास फार. शनिवारी कंपन्यांमधली पोरंपोरी गाड्या घेऊन बघायला यायची. अंगावर असं काही मारून यायची की ती येण्याआधी त्यांचा वास यायचा. जावईबापू दारात आडवे व्हायचे.

"चपला बाहेर काढा."

ते काढायचे.

"आता अंगाचा वासही बाहेर काढा. चपलांशेजारी ठेवा, कुणी नेणार नाही."

एकदा एक मुलगा म्हणाला, "अंकल, हा महागाचा आहे." जावईबापू म्हणाले, "कळलं मला. रस्त्यावरनंच कळलं." तो मुलगा बिचारा नळावर हातपाय धुऊन आला. त्यानंतर तो दर वर्षी यायचा, आणि येताना साबणानंसुद्धा अंघोळ केली नाही असं सांगायचा.

हंगामात सकाळी क्रेट यायचे. जावईबापू दारात स्टुलावर बसायचे. प्रत्येक क्रेट समोर आला की वाकून त्यात नाक घालायचे, डोळे मिटायचे, आणि मग एकच शब्द बोलायचे. "घ्या." किंवा "निवडा." किंवा "काल तोडली होती, आज आणली." ते खरं असायचं. एखाद्याला म्हणायचे, "बागेत कांदा लावलाय का?" त्यानं लावलेला असायचा. गावातली माणसं नुसतं हे बघायला चहा घेऊन उभी राहायची. कोणी त्यांच्या नाकाला हसायचं नाही. गावात त्यांना मान जावयाचा होता तसा नाकाचाही होता, आणि खरं सांगायचं तर नाकाचा जास्त होता.

एका वर्षी त्यांच्या मेव्हण्यांचे, म्हणजे काकूंच्या धाकट्या भावाचे क्रेट आले. जावईबापूंनी नाक घातलं आणि लगेच वर काढलं.

"परत न्या."

मेव्हण्यांचा चेहरा उतरला. भुरी दिसली म्हणून घाबरून त्यांनी एकदा औषध मारलं होतं, थोडंसंच. "दाजी," ते म्हणाले, "घरचेच क्रेट परत?"

"घरचे आहेत म्हणूनच घरी पाठवतोय."

सगळ्यांसमोर म्हणाले. मेव्हण्यांनी टेम्पो वळवला आणि ती द्राक्षं हडपसरच्या बाजारात मिळेल त्या भावाला दिली. त्या दिवशी काकू शेडमध्ये चहा द्यायला आल्या नाहीत.

त्याच वर्षी अधिक महिना होता. आपल्यात अधिकात जावयाला वाण द्यायचं असतं. मेव्हणे रिवाजाप्रमाणे तांब्याच्या ताटात अनारसे घेऊन आले, शेडमध्येच, सगळ्यांच्या देखत. ताट पुढं केलं आणि म्हणाले, "ह्यात औषध न्हाय, दाजी. वास घिऊन बघा."

जावईबापूंनी खरंच ताट नाकाशी नेलं. हंगाम नव्हता, आम्ही सगळ्या बायका टेबलावर माना खाली घालून बाटल्या पुसत होतो, पण एकीचाही हात हलत नव्हता.

"तूप चांगलं आहे," ते म्हणाले, आणि एक अनारसा उचलून खाल्ला. मेव्हणे हसले नाहीत. पण पुढच्या वर्षी त्यांनी ताकच फवारलं.

माझं निवडणं सुटून चव घेणं सुरू झालं ते असं. नाकानं जावईबापूंना पुष्कळ कळायचं, पण सगळं कळायचं नाही. वाइन जिभेवर टेकवायची तर माळ आड येत होती. सुरुवातीला सेक्रेटरी चव घेऊन सांगायचे. ते प्रत्येक टाकीबद्दल "फस क्लास" म्हणायचे. मग एक दिवस जावईबापू आमच्या टेबलाशी आले आणि एकेकीला विचारत गेले, मिश्री लावता का? तंबाखू खाता का? सगळ्याच लावायच्या. पुरुष तर गुटखा खायचेच. मी मानेनं नाही म्हटलं.

"या शेडमध्ये शाबूत जीभ एवढी एकच आहे," ते म्हणाले. "बाई, चला."

मी घाबरले. आमच्या घरात दारूचं नाव कुणी काढत नाही. मी म्हटलं, "घरी विचारावं लागेल."

"विचारा. प्यायची नाही. तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची. चूळ भरण्याचा पगार मिळतोय असं सांगा."

ह्यांना मी तसंच सांगितलं. हे खूप हसले. मग म्हणाले, "तिकडं गावाकडं कळू देऊ नको." मी अजून कळू दिलेलं नाही. रोज बसमध्ये बसायच्या आधी बडीशेप खायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी वाटीत जरा वाइन दिली. मी घोळवली, थुंकली आणि म्हटलं, "आंबट."

"आणखी?"

"तुरट."

"आणखी?"

मी म्हटलं, "मला नीट सांगता यायचं नाही. माझी चौथी झालीय."

"चवीला चौथी पुरते," ते म्हणाले. "शहरातली माणसं येतात ती पुस्तकातनं सांगतात. मी न पाहिलेल्या फळांची नावं घेतात. त्यांचं बरोबर असेल, पण मला काय कळणार? तुम्ही घरातलं सांगा. मला कळलं पाहिजे."

मग मी म्हटलं, "जांभूळ खाल्ल्यावर जीभ कोरडी पडते, तशी पडतेय."

त्यांनी डोळे मिटले. ओठांवरून जीभ फिरवली, जसं काही जांभूळ त्यांनीच खाल्लं होतं. "हं. आणखी?"

असं ते सुरू झालं. मी कधी कुणाशी एवढी बोलले नव्हते. ओलं गोणपाट. कवठ. चिंचेचा कोवळा पाला. माठात पहिल्यांदा पाणी भरल्यावर येतो तो वास. भाकरी तव्यावर जरा जास्त राहिली तर. मी म्हणेन ते जावईबापू खडूनं टाकीवर लिहायचे, टाकीशी नाक नेऊन बघायचे, आणि मान हलवायचे. शनिवारी येणारी पोरं त्या टाक्यांचे फोटो काढायची. एका टाकीवर बरेच दिवस "गोणपाट, ओलं" असं लिहिलेलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "जावईबापू, गिऱ्हाईक काय म्हनंल?" जावईबापू म्हणाले, "गोणपाट कोरडं झालं की पुसू." दोन महिन्यांनी मीच सांगितलं की आता ती चव गेली, आणि त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसलं.

जावईबापू वारल्यावरही पुष्कळ दिवस मला ती सवय होती. आमटी केली तरी चमचा तोंडात धरून मनात "आणखी?" असं यायचं.

आता जे झालं ते सांगते.

एका दिवाळीला जावईबापूंना मोठी सर्दी झाली. ताप आला, आठवडाभर अंथरुणात होते. मग बरे झाले. हंगाम आला, ते पूर्वीसारखे दारात स्टुलावर बसले. क्रेट आला की नाक घालायचे, डोळे मिटायचे. पण "काल तोडली होती" नाही, "कांदा लावलाय का" नाही. नुसतं "घ्या. घ्या." मला वाटलं, वय झालं, माणूस मऊ पडतो. माणसं खूश होती. त्या वर्षी एकही क्रेट परत गेला नाही. निवडायच्या टेबलावर बायकाही घाईत होत्या, ऊन लवकर वाढलं होतं आणि टेम्पो दारात ताटकळत होते.

क्रेट संपले, रस टाकीत गेला. नंतर एका दुपारी मी शेडमध्ये आले तर शेगडीवरचं चहाचं दूध उतू जाऊन करपत होतं. सगळ्या शेडमध्ये तो वास भरला होता. आणि शेगडीच्या पुढ्यात, पाठ करून, जावईबापू पेपर वाचत बसले होते. ज्या माणसाला रस्त्यावरनं पोरांचं अत्तर कळायचं तो.

मी धावत जाऊन शेगडी बंद केली. त्यांनी वळून बघितलं. पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दूध?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी पेपराची घडी केली. मग म्हणाले, "काकूंना सांगू नका." मी सांगितलं नाही. मी तशीही कुणाला काही सांगत नव्हते.

त्या दिवसापासून ते मला चव कशी आहे हे विचारेनात. वास कसा येतो हे विचारायला लागले. टाकीचं झाकण काढलं की मी वाकायचे आणि ते मागं उभे राहायचे. पहिले काही दिवस वास चांगला होता. मग एक दिवस नव्हता. मला तो ओळखता येईना, मग आठवलं. चाळीतल्या पोरी नखांना रंग लावत बसायच्या, तो.

"नेलपॉलिशसारखा," मी म्हटलं.

त्यांनी खडू उचलला आणि लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "आज?"

"कालच्यापेक्षा जास्त."

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "थोडी घोळवून बघता?" मी घोळवली. घशाला टोचलं. मी नुसती मान हलवली. सगळ्यात मोठी टाकी होती ती. सगळ्यांची द्राक्षं तिच्यात होती.

गावात गोष्ट दडत नाही. सेक्रेटरींनी झाकण उघडून बघितलं आणि त्यांनाही कळलं, गुटख्याच्या तोंडानंसुद्धा. गुढीपाडव्यानंतर शेडमध्येच मीटिंग झाली. सगळे सभासद क्रेट उपडे करून बसले होते. काकू दाराशी होत्या. मी टाक्यांच्या मागं उभी होते, दिसणार नाही अशी.

"टाकी बिघडली हाय," सेक्रेटरी म्हणाले. "कशानं बिघडली ते बघाया पायजे."

मागनं कुणीतरी म्हणालं, "बघायचं काय त्यात? ज्यानं येकदा औषध मारलं त्यानंच औंदा बी मारलं आसंल."

सगळ्यांच्या माना मेव्हण्यांकडे वळल्या.

"म्या न्हाय मारलं," मेव्हणे म्हणाले. "माझं क्रेट दाजींनी वास घिऊन आत घेतल्यात."

"घरचा म्हनून सोडला आसंल."

"दाजी घरचा म्हनून सोडत्यात?" मेव्हणे उठून उभे राहिले. "तुमी हुता की हितं. तुमच्याम्होरं माझा टेम्पो वळवला त्यांनी!"

"त्या टायमाला जिरली, आता मिटलं आसंल. अनारसं खाल्लं की!"

हसले लोक. सेक्रेटरींनी हात वर केला. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना मीटिंग संपवायची होती. म्हणाले, मेव्हण्यांना सोसायटीतनं काढावं, टाकीत पूड घालावी आणि एका मोठ्या कंपनीला देऊन टाकावी, ते त्यांच्या मालात मिसळून घेतील. कुणाला कळणार नाही. मग जावईबापूंकडे वळले.

"जावईबापू, तुमचं नाक काय म्हनतंय? तुमी सांगाल ते."

जावईबापू स्टुलावर बसले होते, त्याच. माळ त्यांनी बोटांत धरली होती. मला वाटलं, आता काही बोलले नाहीत तर मेव्हणे सोसायटीतनं जाणार. आणि बोलले तर ते स्वतः जाणार.

"आधी बाईंना विचारा," ते म्हणाले. "बाई, पुढं या. कशासारखं आहे सांगा."

एवढे पुरुष. मी टाकीचा पाइप धरून तिथनंच बोलले, आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"मोठ्यानं, बाई."

"नेलपॉलिशसारखा वास येतो," मी म्हटलं. "आणि घशाला टोचतं. खराब झालीय."

"औषधासारखा वास येतो का? बागेत मारतात त्या?"

"नाही."

"येणार नाही," जावईबापू सगळ्यांना म्हणाले. "औषधानं हे होत नाही. फुटलेली, आंबलेली द्राक्षं आत गेली की होतं. उन्हात टेम्पोत उभे राहिलेले क्रेट. ते कुणाचे होते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. आणि आता कळणारही नाही, कारण मला दिवाळीपासून वास येत नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"म्हंजे?" सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणजे येत नाही. अत्तराच्या दुकानात जन्म काढला, माझ्या वाटणीचे सगळे वास घेऊन झाले असतील."

"मग हंगामात येवढं क्रेटमदी नाक घालून काय करत हुता?"

"सवय," जावईबापू म्हणाले.

पुन्हा कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, पण कुणी हसलं नाही. ते पुढं बोलले, आता जरा हळू. "तुम्ही बघत उभे होतात. सगळे चहा घेऊन उभे होतात. मला उठता आलं नाही. क्रेट बघणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. काढायचं असेल तर मला काढा. माझा मेव्हणा नियमानं वागला आहे."

जावयाला काढायचं कसं हे त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सेक्रेटरी शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. कुणालाच नगं काढाय. पन टाकीचं काय? पूड घालायची का न्हाय?"

"घाला," जावईबापू म्हणाले. "फक्त आधी बाटल्यांवर 'बिनऔषधाची' असं छापलंय ते खरवडून काढा. तुम्हीच करा. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

बरीच माणसं पूड घालायलाच तयार होती. मला ते दिसत होतं, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. वर्षभराची मेहनत होती. तेव्हा मेव्हणे, जे अजून उभेच होते, बोलले.

"पूड घालायची न्हाय."

"तू बस रं."

"न्हाय बसत. पूडच घालायची हुती तर माझं क्रेट त्या वर्साला परत का धाडलं? माझी बायकू रडली त्या दिशी. येवढी माझी इज्जत गेली ती कशापायी गेली मग?" त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "सांगा की कुनीतरी."

जावईबापू मान खाली घालून बसले होते. पूड घातली नाही.

मग काय करायचं, तर त्या टाकीचा सिरका करायचा ठरलं, ज्याला शहरात व्हिनेगर म्हणतात. पूड नसल्यामुळं तो आपोआपच होत होता. टाकीचं झाकण काढून तोंडाला मलमलचं फडकं बांधलं आणि ठेवून दिलं. श्रावणापर्यंत शेडमध्ये शिरलं की नाकाला झिणझिण्या यायच्या. सगळ्यांना यायच्या, जावईबापूंना सोडून. ते निवांत आत बसून पेपर वाचायचे.

पुढच्या हंगामात दारातल्या स्टुलावर ते बसले नाहीत. त्यांनी तिथं मेव्हण्यांना बसवलं. सेक्रेटरी म्हणाले, "ह्याला वासातलं काय कळतंय?" जावईबापू म्हणाले, "क्रेट परत गेला की कसं वाटतं ते त्याला कळतं. नीट बघेल." मेव्हणे नाक घालायचे नाहीत. ते हातानं क्रेट तळापर्यंत उपसून बघायचे. वेळ लागायचा, आणि लोक वैतागायचे. पण चहा घेऊन बघत मात्र कुणी उभं राहायचं नाही.

सिरका तयार झाला तो त्या हंगामाच्या बराच आधी, गणपतीच्या तोंडावर. तो बऱ्यापैकी खपला, खराडीच्या कंपन्यांच्या कँटीनमध्येसुद्धा गेला. पण मला आठवतं ते पहिल्या दिवसाचं. सेक्रेटरींनी तपासून आणलं होतं की त्यात दारू अजिबात उरलेली नाही. जावईबापूंनी ते त्यांना तीनदा वाचायला लावलं.

"म्हणजे माळेला चालेल?" त्यांनी काकूंना विचारलं.

काकू म्हणाल्या, "अहो, लोणच्यात नाही का घालत? चालेल की. मीच सांगते, चालेल."

त्या काकडी चिरत होत्या. आपली कोवळी काकडी, सिरक्याबरोबर खाऊन बघायला. मी वाटीत थोडा सिरका ओतून जावईबापूंपुढं ठेवला. इतकी वर्षं द्राक्षं त्यांच्या हाताखालून गेली, पण त्यांचं टाकीत जे झालं ते त्यांनी कधी जिभेला लावलं नव्हतं. मेव्हणे, सेक्रेटरी, टेबलावरच्या बायका, सगळे जवळ येऊन उभे राहिले. त्यांनी माळ एका हातानं मागं सारली, करंगळी वाटीत बुडवली आणि जिभेवर ठेवली.

चेहरा सगळा आक्रसला. डोळे मिटले.

मला कधी कुणाला काही विचारता येत नाही. पण तो प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला होता की तो आपोआप आला.

"कसं लागतंय, जावईबापू?"

"आंबट," ते म्हणाले. "एवढं मलाही कळतंय."

मी म्हटलं, "आणखी?"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. काकूंची सुरी थांबली होती. मग त्यांनी करंगळी पुन्हा वाटीत बुडवली.